ध्रुवाकडे गेलेल्या शिडांची खबर

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्रकिनारा नाही. तरी लातूरचा एखादा विद्यार्थी आज बर्फाळ समुद्रातल्या शिडाच्या बोटीचा ठिपका मोबाइलवर पाहू शकतो. बोट कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, सगळं समोर दिसतं. इथवर यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली, आणि त्यातली बरीचशी घरच्यांनी वाट पाहण्यात काढली.

मे 1845 मध्ये जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजं घेऊन उत्तरेच्या बर्फातून वाट शोधायला इंग्लंडहून निघाले. जुलैअखेर देवमाशांची शिकार करणाऱ्यांनी ती जहाजं पाहिली. त्यानंतर 129 माणसांची काहीही खबर नाही. फ्रँकलिन जून 1847 मध्येच वारले होते, पण तसं लिहिलेला कागद हाती आला 1859 मध्ये. तोवर त्यांची पत्नी जेन शोधमोहिमा पाठवत राहिली. बीडहून कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्यांची खुशाली मोबाइल येण्याआधी महिनोन्महिने कळत नसे. तिथल्या जुन्या माणसांना जेनची अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

नॉर्वेच्या नॅन्सेन या संशोधकाने 1893 मध्ये 'फ्राम' हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवलं, प्रवाहाबरोबर वाहत जाता यावं म्हणून. सैबेरियाचा किनारा मागे पडल्यावर ऑगस्ट 1896 पर्यंत घरी एक अक्षर पोचलं नाही.

नॉर्वेच्याच अमुंडसेन यांची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. 'योआ' या लहानशा जहाजातून त्यांनी वायव्येचा सागरी मार्ग, म्हणजे फ्रँकलिन शोधत होते तीच उत्तरेची वाट, काढला. पण बातमी द्यायची कुठून? जहाज बर्फात रुतलेलं, आणि जवळची तार कचेरी अलास्कातल्या ईगल गावी. ते सुमारे 800 किलोमीटर बर्फावरून गेले आणि डिसेंबर 1905 मध्ये तार केली.

दक्षिण ध्रुवावर गेलेले इंग्रज संशोधक स्कॉट मार्च 1912 च्या अखेरीस अंटार्क्टिकात तंबूत वारले. त्यांचं जहाज 'टेरा नोव्हा' फेब्रुवारी 1913 मध्ये न्यूझीलंडला लागलं तेव्हा जगाला कळलं. त्यांची पत्नी कॅथलीन त्यांना भेटायला निघाली होती. तिला ही बातमी भर समुद्रात, जहाजावरच्या बिनतारी संदेशातून मिळाली. पतीच्या मृत्यूला तेव्हा जवळजवळ अकरा महिने झाले होते.

बिनतारी यंत्रणेने अंतर कमी केलं, पण ध्रुवांची अडचण उपग्रह आल्यावरही उरलीच. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर एकाच जागी दिसणारे उपग्रह ध्रुवाजवळून पाहिले तर क्षितिजाखाली जातात. हा प्रश्न इरिडियम या कंपनीच्या 66 उपग्रहांच्या जाळ्याने सोडवला. 1998 च्या अखेरीस ते सुरू झालं. हे उपग्रह सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून, जवळजवळ दोन्ही ध्रुवांवरून फिरतात, त्यामुळे ध्रुवांकडे त्यांची दाटी होते. बोटीवरचं छोटं यंत्र जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि ठरावीक वेळाने आकडे उपग्रहाकडे पाठवतं. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हेच आकडे.

यंत्राचं मोल सप्टेंबर 2018 मध्ये दिसलं. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने भारतीय नौदलाच्या अभिलाष टॉमींच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. त्यांनी धाडलेल्या तुटक मजकुरावरून त्यांची अवस्था कळली. नौदलाच्या विमानाने बोट हेरली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. 'तारिणी' बोटीवरून 2017-18 मध्ये सहा आणि 2024-25 मध्ये दोन महिला नौदल अधिकारी केप हॉर्नला वळसा घालून आल्या. ते टोक 56 अंश दक्षिणेला आहे. अंटार्क्टिकाचं द्वीपकल्प तिथून हजारेक किलोमीटरवर.

उत्तरेकडच्या बोटी साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये चालतात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात. दक्षिणेकडच्या मोहिमा रब्बीच्या दिवसांत. घरून पाहताना एक ध्यानात ठेवावं: मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा ध्रुवाकडे ताणला जातो आणि 85 अंशांच्या आसपास संपतोच. तिथे बोटीने मोठी उडी घेतल्यासारखी दिसते. ध्रुव मधोमध असलेला नकाशा शेजारी ठेवला, की खरा रस्ता कळतो.