तेलघाण्यासाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचा अर्ज : प्रकरण नेमके कुठे अडकते

जवस, तीळ किंवा भुईमूग गाळणाऱ्या विदर्भातील लहान घाणेधारकाला मोटरवरचा लाकडी घाणा, फिल्टर प्रेस (तेल गाळून स्वच्छ करण्याचे यंत्र) आणि बाटल्या भरण्याचे यंत्र घ्यायचे असेल, तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना त्याच्या उपयोगाची आहे. 2020 साली सुरू झालेल्या या योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळते. किमान 10 टक्के रक्कम अर्जदाराने स्वतः घालायची आणि बाकी बँकेचे कर्ज घ्यायचे. अर्जदार 18 वर्षांवरील असावा. पती, पत्नी आणि मुले मिळून एक कुटुंब धरले जाते व त्यातील एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे नवऱ्याच्या नावाने आधीच लाभ घेतला असेल तर बायकोच्या नावाने पुन्हा धावपळ करू नये.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. आधार, पॅन, बँकेचा खातेउतारा, उद्यम नोंदणी आणि छायाचित्र ही कागदपत्रे सहसा कोणाला अडवत नाहीत. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे, तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते फक्त त्याच्या श्रमाचे समजावे.

प्रकरणे अडतात ती बहुधा जागेच्या कागदावर. घाणा गावठाणातल्या घरी असतो आणि गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा उतारा, म्हणजे नमुना 8, लागतो. अर्जदार मात्र तलाठ्याकडून गाव नमुना 8-अ घेऊन येतो, जो शेतजमिनीच्या खात्याचा असतो आणि इथे काही कामाचा नसतो. आकडा एकच, पण कार्यालये दोन आणि कागदही दोन. एवढे खिडकीवर कोणी समजावून सांगत नाही, त्रुटी काढून अर्ज तेवढा परत येतो. त्यातही घर अजून आजोबांच्या नावावर असते. वारसनोंद होण्यास वेळ लागतो, म्हणून ती यंत्राचा भाव विचारण्याआधीच सुरू करावी, आणि भाऊबंदांचा हिस्सा असेल तर त्यांचे संमतिपत्र घेऊन ठेवावे. जागा भाड्याची असल्यास भाडेकरार चालतो, मात्र त्याची मुदत कर्जफेडीच्या मुदतीपेक्षा कमी असली की बँक कुरकुर करते. ज्या गावात ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळाले आहे, तिथे हा त्रास बराच कमी होतो.

दुसरी अडचण विजेची आहे. शेतीपंपाच्या जोडणीवर घाणा चालवता येत नाही, म्हणून त्या जोडणीचे बिल जोडून उपयोग नाही. वेगळ्या जोडणीचा खर्च आणि वेळ आधीच हिशेबात धरावा.

कोटेशन यंत्राच्या क्षमतेसह, मोटरच्या अश्वशक्तीसह आणि जीएसटी क्रमांकासह छापील असावे. साध्या पावतीपुस्तकातील पानावर लिहून आणलेला भाव बँक बाजूला ठेवते. जमिनीची किंमत आणि खेळते भांडवल अनुदानात धरले जात नाही, तर बांधकाम एकूण पात्र खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंतच धरले जाते. हे अनुदान कर्जाशी जोडलेले असल्यामुळे रोखीने घेतलेल्या यंत्रावर काहीही मिळत नाही. विक्रेता कितीही घाई करो, मंजुरीपत्र हातात येईपर्यंत थांबावे.

प्रकल्प अहवालाबाबत विशेष सावध राहावे. मसाला कांडपाच्या अहवालात नाव बदलून तोच घाण्यासाठी वापरलेला दिसतो, आणि त्यात ढेपेचे, म्हणजे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीचे, उत्पन्नच धरलेले नसते. ज्या धंद्यात ढेपेच्या पैशावर बरेचसे गणित उभे असते, तिथे बँक अधिकाऱ्याला अहवाल वाचताच शंका येते. हा अहवाल करून देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचे मानधन शासन देते, अर्जदाराने त्यांना एक रुपयाही द्यायचा नाही.

जिल्हा समितीने शिफारस केली म्हणजे काम झाले, असा समज सर्वांत महाग पडतो. कर्ज द्यायचे की नाही हे बँक ठरवते आणि आपल्या भागात तिथे थकीत पीककर्ज आडवे येते. एकरकमी तडजोडीत फेडलेले कर्जही सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, पूर्ण फेड म्हणून दिसत नाही, आणि दुसऱ्याला जामीन राहिलेला माणूसही त्याच्या थकबाकीत सापडतो. अर्जाआधी आपला सिबिल अहवाल काढून पाहावा आणि बेबाकी दाखला, म्हणजे देणे बाकी नसल्याचा दाखला, जवळ ठेवावा. लघुउद्योगाच्या 20 लाखांपर्यंतच्या (एप्रिल 2026 पूर्वी 10 लाखांपर्यंतच्या) कर्जाला तारण घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. शाखेत शेत गहाण मागितले तर हे नम्रपणे, पण लेखी विचारावे.

अनुदानाची तीन वर्षांची अटही चुकीची वाचली जाते. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यात राहते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता वितरित झाल्यापासून तीन वर्षांनी, खाते नियमित व घाणा चालू असेल तरच, ते कर्जात जमा होते. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांसाठी या पैशावर विसंबू नये.

योजनेची मूळ मुदत 2024-25 होती, ती 2025-26 पर्यंत वाढवण्यात आली. अशी मुदत केवळ अर्ज भरण्याची नसते, मंजुरीही त्यात बसावी लागते. म्हणून खर्चात पडण्यापूर्वी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात योजना अजून चालू आहे का आणि चालू वर्षाचे लक्ष्यांक शिल्लक आहेत का, हे विचारावे. बँकेने नाकारलेच, तर कारण लेखी घ्यावे, कारण तोंडी नकार दाखवून दुसऱ्या शाखेत किंवा समितीपुढे काहीच मांडता येत नाही.