प्राणी आधी, माहिती नंतर: विदेशी प्राणी पाळण्याच्या हौसेची पार्श्वभूमी

विदेशी प्राणी घरात ठेवावा की नाही, हा वाद बहुतेक वेळा त्या प्राण्याच्या स्वभावावर येऊन थांबतो. चावतो का? माणसाची सवय होते का? पिल्लू असताना आणला तर शांत राहील का? मागची काही शतके चाळली तर दुसरीच गोष्ट ठळकपणे दिसते. जवळजवळ प्रत्येक वेळी प्राणी आधी आला आणि त्याला जगायला काय लागते हे कळायला पुढची कित्येक दशके गेली. त्या मधल्या काळातले बहुतेक मृत्यू चुकीचे खाणे, चुकीचा उजेड आणि अपुरी जागा यांनी झालेले आहेत.

सुरुवात राजेरजवाड्यांच्या भेटींपासून झाली. बगदादचा खलिफा हारून अल-रशीद याने फ्रँक सम्राट शार्लमेनला पाठवलेला हत्ती ८०२ साली त्याच्या आखेनच्या दरबारात पोचला आणि ८१० मध्ये मेला. लंडनच्या टॉवर या किल्ल्यात इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्याकडे १२५२ मध्ये ध्रुवीय अस्वल आणि १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाकडून हत्ती आला. हत्तीसाठी ४० फूट लांब आणि २० फूट रुंद घर बांधले गेले, पण तो दोनेक वर्षांतच गेला. अस्वलाचे नशीब थोडे बरे. त्याला मुसके आणि साखळी बांधून, लांब दोर लावून थेम्स नदीत मासे धरायला सोडत असत. थंड पाणी, पोहणे आणि स्वतः पकडलेले खाणे या तिन्ही गोष्टी त्याला मिळाल्या, आणि त्याही कोणी विचार करून दिल्या होत्या असे नाही. याच टॉवरमध्ये पुढे शहामृगांना लोखंडी खिळे खाऊ घालत, कारण हा पक्षी लोखंड पचवतो असा समज होता. खिळे अर्थातच पचले नाहीत. तो प्राणिसंग्रह १८३५ मध्ये बंद झाला.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि राजांची हौस व्यापाऱ्यांच्या हाती गेली. हांबुर्गचा हागेनबेक आणि लंडनचा जामराक ही त्या धंद्यातली मोठी नावे. हत्ती किंवा मोठ्या वानरांचे पिल्लू मिळवण्यासाठी आधी मादीला मारावे लागे, आणि पकडलेल्या पिल्लांपैकीही बरीच बंदरावर पोचण्याआधी मरत.

याच काळात काही प्राणी मात्र घरात खरोखर रुळले. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने १८४० मध्ये ऑस्ट्रेलियातून बजरीगर इंग्लंडला नेले. कोरड्या गवताळ प्रदेशातला, सुक्या बियांवर जगणारा, थव्यात राहणारा आणि पाऊस पडेल तेव्हा वर्षात कधीही अंडी घालणारा हा पक्षी. पिंजऱ्यातल्या कमतरता त्याला इतरांपेक्षा कमी बाधल्या आणि काही दशकांतच युरोपात त्याची पैदास नेमाने होऊ लागली. मेक्सिकोच्या तळ्यांतले ३४ ॲक्सोलॉटल (पाण्यातच राहणारे सॅलॅमँडर) १८६४ मध्ये पॅरिसला आले. त्यांची संतती आज जगभरच्या काचपेट्यांत आहे आणि मूळ तळ्यांतून मात्र प्राणी संपत चालला आहे. सोनेरी हॅमस्टरची गोष्ट अधिक नवलाची. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल आहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका बिळातून मादी आणि तिची पिल्ले काढली. त्यातली मोजकीच जगली, आणि आज घराघरांत दिसणारे सोनेरी हॅमस्टर जवळपास सगळे त्यांचेच वंशज मानले जातात. लहान आकार, दोन-तीन वर्षांचे आयुष्य, साधे खाणे आणि पिंजऱ्यात चटकन होणारी वीण या गोष्टींमुळे हे साधले. तरी प्रौढ हॅमस्टर एकेकटा ठेवावा लागतो, दोन एकत्र ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात, हे शिकायलाही अनेक जीव गेले.

माणसाळलेला प्राणी आणि पाळीव प्राणी यांतला फरक रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या प्रयोगाने दाखवून दिला. आनुवंशशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून फरसाठी पाळलेल्या रुपेरी कोल्ह्यांतून सर्वांत कमी बुजरे निवडून त्यांचीच वीण घेतली. प्रत्येक पिढीतून फार थोडे पुढे जात, नरांपैकी तर ५ टक्क्यांच्या आसपास. चौथ्या पिढीत माणसाला पाहून शेपटी हलवणारी पिल्ले दिसली, आठव्या-दहाव्या पिढीत कान लोंबू लागले आणि अंगावर पांढरे ठिपके आले. हे कोल्हेसुद्धा आधीच कित्येक पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले होते, हे विसरू नये. बाटलीने दूध पाजून वाढवलेला सिंहाचा छावा एकाच पिढीत माणसाळतो, पण त्याची जात बदलत नाही. वयात आला की त्याच्या गरजा आणि प्रतिक्रिया रानातल्या सिंहाच्याच असतात. म्हणून अशा प्राण्यांचे अपघात बहुधा मालकाचा विश्वास पक्का झाल्यावर होतात.

सरपटणारे प्राणी आणि उजेडाचा प्रश्न

माहिती उशिरा येण्याचा सर्वांत मोठा फटका सरपटणाऱ्या प्राण्यांना बसला. १९९० च्या दशकात हिरवे इग्वाना अमेरिकेत लाखोंच्या संख्येने आयात झाले. अंड्यातून निघालेले पिल्लू वीतभर असते. पूर्ण वाढलेला प्राणी शेपटीसह दीड ते दोन मीटर होतो, आणि विणीच्या हंगामात नर मालकावरही धावून जातो. पण त्यातले बरेचसे एवढे मोठे झालेच नाहीत. दिवसा उन्हात बसणारे बहुतेक सरडे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांच्या मदतीने कातडीत ड-३ जीवनसत्त्व बनवतात. ते नसेल तर खाण्यातले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढते, जबडा रबरासारखा मऊ पडतो, मागचे पाय सुजल्यासारखे दिसतात, अंग थरथरते आणि शेवटी फेफरे येते. खिडकीत पेटी ठेवून भागत नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. उलट बंद पेटी उन्हात तापून प्राणी तासाभरात मरू शकतो.

या किरणांचे खास दिवे बाजारात रुळले तेही त्याच दशकात, म्हणजे प्राणी घराघरांत पोचल्यावर. दिवा आणला की काम झाले असेही नाही. तो दिसायला वर्षानुवर्षे उजळ राहतो, पण त्यातले उपयोगी किरण घटत जातात. म्हणून बनावटीनुसार ६ ते १२ महिन्यांनी तो बदलावा लागतो. वर बारीक जाळी असेल तर किरणांचा मोठा वाटा तिथेच अडतो. उष्णतेचेही तसेच. दाढीवाल्या ड्रॅगन सरड्याला ऊन खाण्याची जागा ३८ ते ४२ अंश सेल्सियस आणि पेटीचे दुसरे टोक २४ ते २८ अंश लागते. सगळी पेटी एकसारखी ३२ अंशांवर ठेवली, तर त्याला नीट पचवायलाही जमत नाही आणि थंडही होता येत नाही. ‘तापलेला दगड’ म्हणून विकली जाणारी वस्तू तर घेऊच नये. पोट भाजेपर्यंत सरडा तिच्यावर बसून राहतो.

इग्वानाला पालेभाज्या लागतात, त्याही कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असेल अशा. कित्येक वर्षे त्याला कुत्र्याचे खाणे आणि मांस दिले जात होते. तो आवडीने खायचा, झपाट्याने वाढायचा, आणि काही वर्षांत मूत्रपिंडे निकामी होऊन जायचा.

लाल कानपट्टीच्या स्लायडर कासवाचा प्रवास दुसऱ्या वळणाने गेला. रुपयाएवढी पिल्ले स्वस्तात मिळत, मुले ती तोंडात घालत आणि साल्मोनेला या जिवाणूने आजारी पडत. त्यामुळे अमेरिकेने १९७५ मध्ये ४ इंचांहून, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरहून, लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पैदास केंद्रे मात्र चालू राहिली आणि माल परदेशी जाऊ लागला. युरोपीय संघाने १९९७ मध्ये या कासवाची आयात थांबवली, तोवर तिथल्या तळ्यांत सोडून दिलेली कासवे स्थिरावली होती. सोडून देण्यामागचे कारण साधे आहे. प्रौढ मादी २५ ते ३० सेंटिमीटर होते आणि तीस वर्षे सहज जगते. पाण्याचा ढोबळ हिशोब कवचाच्या प्रत्येक इंचामागे ४० लिटर, म्हणजे मोठ्या कासवाला ४०० लिटरची टाकी, कोरडे बसायला जागा, वर अतिनील दिवा आणि ताकदीचा फिल्टर. काचेच्या बरणीत वाळलेल्या कोळंबीवर ठेवलेल्या पिल्लाचे डोळे काही महिन्यांत सुजून मिटतात. ती अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. नुसते डोळ्यांत थेंब घालून ती जात नाही.

आणि अजगर. १९९६ ते २००६ या काळात अमेरिकेत सुमारे ९९,००० ब्रह्मी अजगर आयात झाले. अर्ध्या मीटरचे पिल्लू तीनेक वर्षांत ३ मीटरच्या पुढे जाते. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत सुटलेल्या आणि सोडलेल्या अजगरांची वीण होते आहे, हे २००० च्या सुमारास मान्य झाले. २०१२ च्या पाहणीत रकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांनी, तर बॉबकॅट रानमांजरांचे ८७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आयातबंदी त्याच वर्षी आली.

पोपट, लोरिस आणि वाघ

आफ्रिकी करड्या पोपटाची हुशारी त्याच्या मुळावर आली. तो ४० ते ६० वर्षे जगतो, थव्यात राहतो आणि दिवसाचा मोठा भाग खाणे शोधण्यात घालवतो. घरी वाटीत सूर्यफुलाच्या बिया मिळतात, आणि दिवस रिकामा. बियांत चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व कमी. या जातीत रक्तातले कॅल्शियम घटून झटके येणे म्हणूनच वारंवार दिसते. हाताने भरवून वाढवलेले पिल्लू माणसालाच आपला थवा समजते, वयात आल्यावर एका माणसाला जोडीदार मानते आणि तो कामावर गेला की ओरडते किंवा स्वतःची पिसे उपटते. आणखी एक धोका स्वयंपाकघरातला आहे. न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे रिकामे तापले की निघणारी वाफ काही मिनिटांत पक्ष्याचे फुप्फुस निकामी करते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाससुद्धा येत नाही.

युरोपने रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात २००५ मध्ये बर्ड फ्लूमुळे थांबवली आणि २००७ मध्ये बंदी कायम केली. करडा पोपट आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत गेला तो २०१७ मध्ये.

स्लो लोरिस या आशियातल्या छोट्या, निशाचर, माकडांच्या नात्यातल्या प्राण्याला त्या यादीत २००७ मध्येच घातले होते, पण त्यानंतर व्हिडिओंचा जमाना आला. गुदगुल्या केल्यावर हात वर करणारा लोरिस लोकांना गोड वाटला. प्रत्यक्षात ती बचावाची मुद्रा आहे. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला ग्रंथी असते. तिथला स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. म्हणून विक्रेते भूल न देता त्याचे दात कापतात. त्याच दातांनी तो झाडाची साल खरवडून डिंक खातो. दात गेले की तोंडात संसर्ग होतो, आणि प्राणी सोडवून आणला तरी रानात परत सोडता येत नाही.

माकडांच्या बाबतीत आजार दोन्ही दिशांनी जातात. मकाक जातीच्या प्रौढ माकडांत बी विषाणू सर्रास आढळतो आणि माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही. माणसाला लागण होणे दुर्मीळ, पण उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. २००३ मध्ये घानाहून टेक्सासला आलेल्या खेपेतल्या आफ्रिकी उंदरांकडून पाळीव म्हणून विकायच्या प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्यांना मंकीपॉक्स झाला आणि त्यांच्याकडून सहा राज्यांत ४७ माणसांना. विक्रेत्याकडे दोन खंडांचे प्राणी शेजारी ठेवले होते, एवढेच कारण पुरले.

मोठ्या मांजरांवर कायदे झाले ते मात्र प्रसंग घडल्यावरच. १९६९ मध्ये लंडनच्या हॅरॉड्स या दुकानात सिंहाचा छावा विकत मिळत होता. धोकादायक वन्य प्राण्यांसाठी परवाना लावणारा ब्रिटिश कायदा १९७६ चा. ऑक्टोबर २०११ मध्ये ओहायोतल्या झेन्सव्हिल इथे एका मालकाने पन्नासहून अधिक प्राणी मोकळे सोडले, आणि पोलिसांना १८ वाघांसह बहुतेकांना गोळ्या घालाव्या लागल्या. वाघ-सिंह खासगीरीत्या पाळण्यावर देशभर बंदी घालणारा अमेरिकी कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये झाला.

कागद आणि त्यातल्या फटी

साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू आहे. तो देशांमधल्या व्यापारापुरता. घरात प्राणी कसा ठेवला आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ‘बंदिवासात जन्मलेला’ असा शेरा असला की बऱ्याच जातींचा व्यापार सोपा होतो, आणि नेमकी तिथेच फट आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंडोनेशियातून या शेऱ्याने निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी सुमारे ८० टक्के रानातून पकडलेले निघाले. तेव्हा विकत घेणाऱ्याने कागदाबरोबर प्राणीही वाचावा. खवल्यांखाली गोचिडी, नाकावर पिंजऱ्याला घासून झालेली जखम, जुने व्रण आणि ‘अजून खायला लागलेला नाही’ हे उत्तर, ही रानातल्या प्राण्याची लक्षणे आहेत. खरा पैदासकार आईबाप दाखवतो, अंडी कधी फुटली ते सांगतो आणि आपल्यासमोर खाऊ घालतो. तरीही नवा प्राणी ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा, त्याची विष्ठा तपासून घ्यावी आणि दर आठवड्याला वजन लिहावे. पक्षी आणि सरपटणारे प्राणी आजार लपवतात. दहा टक्के वजन उतरले तर पिसे फुगवून बसण्यासारख्या उघड लक्षणांची वाट पाहू नये.

ते वजन घेऊन जायचे कोणाकडे, हाही प्रश्न आहेच. पक्षीवैद्यांची अमेरिकी संघटना १९८० ची आणि सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांच्या वैद्यांची १९९१ ची. शास्त्रच तरुण आहे. बहुतेक औषधांचे प्रमाण इतर प्राण्यांवरून अंदाजाने ठरवलेले असते. गावात असा वैद्य आहे का, हे प्राणी आणण्याआधी पाहावे. नसेल तर बेत सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याची दिशाही हळूहळू उलटते आहे. पूर्वी बंदी असलेल्या प्राण्यांची यादी असे आणि यादीत नसलेला प्रत्येक प्राणी चालत असे. त्यामुळे यादी नेहमी बाजाराच्या मागे राही. बेल्जियमने सस्तन प्राण्यांसाठी पाळता येतील अशांचीच यादी केली. पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी तिला आव्हान दिले, पण २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकषांच्या अटी घालून अशा यादीचे तत्त्व मान्य केले. भारतात २०२० मध्ये विदेशी प्राण्यांच्या मालकांना कागदपत्रांशिवाय स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा मिळाली आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतले प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. नेदरलँड्सची ३० सस्तन प्राण्यांची यादी १ जुलै २०२४ पासून लागू आहे. यादीबाहेरचा प्राणी ज्यांच्याकडे आधीपासून होता, त्यांना तो मरेपर्यंत ठेवता येतो, पण त्याची वीण घेता येत नाही.