नारळाआधीचा संदेश

पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या सुटकेची गोष्ट निघाली की मदतीचा निरोप कोरलेला नारळ येतोच. नारळ खराच. बिउकु गासा आणि एरोनी कुमाना या सोलोमन बेटांवरच्या दोघांनी तो जपानी पहाऱ्यातून होडीने नेला. पण हे दोघे टेहळे होते, कोलोंबांगारा बेटावर लपलेला ऑस्ट्रेलियन किनारपहारेकरी (शत्रूच्या हालचाली टिपून कळवणारा) रेज इव्हान्स याच्या जाळ्यातले. ते जाळे चालायचे वायरलेसवर.

2 ऑगस्ट 1943च्या पहाटे जपानी विनाशिकेने केनेडींची टॉर्पेडो बोट पीटी-109 दुभंगली. सकाळीच इव्हान्सला तिची चौकशी करणारा संदेश आला, प्लेफेअर संकेतात. व्हीटस्टनने 1854 मध्ये शोधलेल्या या पद्धतीला कागद-पेन्सिल पुरते. त्या दिवशीची किल्ली होती ‘रॉयल न्यू झीलंड नेव्ही’. किल्लीतली अक्षरे पुनरुक्ती गाळून आधी लिहायची, उरलेली मागून. आय आणि जे एकाच घरात:

आर – ओ – वाय – ए – एल
एन – ई – डब्ल्यू – झेड – डी
व्ही – बी – सी – एफ – जी
एच – आय – के – एम – पी
क्यू – एस – टी – यू – एक्स

मजकूर दोन-दोन अक्षरांत तोडायचा. या संदेशाची पहिली जोडी पी-टी. ही आयताचे समोरासमोरचे कोपरे. प्रत्येकाने आपल्याच ओळीतल्या दुसऱ्या कोपऱ्यावर जायचे. झाले के-एक्स. बी-ओ एकाच रकान्यात, म्हणून खालची अक्षरे: आय-ई. डब्ल्यू-ई एकाच ओळीत, म्हणून उजवीकडची: झेड-डब्ल्यू. ओळ किंवा रकाना संपला की पुन्हा सुरुवातीपासून.

गंमत अशी की ‘ई-ओ’मधल्या ईचा बी होतो, ‘डब्ल्यू-ई’मधल्या ईचा डब्ल्यू. म्हणजे इंग्रजीत ई सर्वाधिक येतो, हे हुकमी मोजमाप इथे लंगडे पडते. मोजायच्या तर 600 जोड्या.

चूकही झाली. संदेशातल्या ‘ब्लॅकेट’ या सामुद्रधुनीच्या नावातले टी-टी फोडायला मध्ये एक्स घालायचा नियम आहे. पाठवणाऱ्याने टी-टी तसेच ठेवले. प्लेफेअरच्या सांकेतिक जोडीत एकच अक्षर दोनदा येऊच शकत नाही, त्यामुळे जाणकार शत्रूची नजर नेमकी तिथेच अडकली असती.

‘अभेद्य संकेत’ या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. प्लेफेअर तासाभरात नाही तरी काही तासांत फुटतो. इथे तो बातमी शिळी होईपर्यंत टिकला की पुरे होते. खरा जाच यंत्राचा होता: टेलिरेडिओ, बॅटऱ्या आणि त्या भरणारे जड पेट्रोल इंजिन. हे सगळे डोंगरातून न्यायला 12 ते 16 माणसे लागत, आणि पेट्रोल संपले की संच मुका.

टेहळ्यांकडून ठावठिकाणा कळताच इव्हान्सने सात बेटवासीयांना होडी देऊन धाडले. माडाच्या झावळ्यांखाली झाकून त्यांनी केनेडींना त्याच्याकडे आणले. 8 ऑगस्टला तेरापैकी अकरा जण सुखरूप तळावर पोहोचले.