अमोनिया : नेसलरचा पिवळा की इंडोफिनॉलचा निळा?

‘पाण्यातला अमोनिया रंगावरून काढला’ असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारते, कुठल्या रंगावरून? रीती दोन आहेत. दोन्हींत नमुन्याला रंग आणायचा आणि तो किती प्रकाश शोषतो हे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचं, त्यामुळे गल्लत होतेच.

नेसलरचं द्रावण बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ज्युलियस नेसलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची ही १८५६ची देणगी : पारा आणि आयोडीनचं संयुग, अल्कलीत विरघळवलेलं. अमोनिया थोडा असेल तर पाणी पिवळं होतं, भरपूर असेल तर तपकिरी साका बसतो. पिवळं द्रावण ४०० ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. दहाएक मिनिटांत वाचन मिळतं, ही त्याची मोठी सोय.

पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात हीच रीत फसवते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे नमुना गढुळतो, आणि रंग कोणता व गढूळपणा कोणता हे यंत्राला कळत नाही. आकडा फुगतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला अवघी ०.५ मिलिग्रॅम आहे. तिथे असा फुगवटा परवडत नाही. आधी कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणारं रोशेल सॉल्ट किंवा ईडीटीए घालावंच लागतं. शिवाय पारा! वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतताना पाहिलं की जीव कळवळतो. ते वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यातच जायला हवं.

इंडोफिनॉलची रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलोच्या १८५९च्या निरीक्षणावर उभी आहे. अमोनियाचा हायपोक्लोराइटशी (ब्लीचमधला क्लोरीनयुक्त घटक) संयोग होऊन आधी मोनोक्लोरामाइन बनतं, मग फिनॉलशी मिळून गडद निळा रंग येतो. नायट्रोप्रुसाइड या उत्प्रेरकाने हे काम लवकर होतं, तरी तासभर थांबावं लागतं. वाचन तांबड्या बाजूला, ६४० नॅनोमीटरजवळ. नेमका आकडा हवा असेल तर मी हीच रीत निवडेन. देशाच्या २००९च्या हवा-गुणवत्ता मानकांतही अमोनियासाठी ती दिलेली आहे. रक्तातला युरिया मोजायची एक जुनी पद्धतही हीच : युरिएज एन्झाइमने युरियाचा अमोनिया करायचा आणि त्याला निळा रंग आणायचा. विषारी फिनॉलऐवजी आता बरेच जण सॅलिसिलेट वापरतात. मत्स्यटाकीच्या किटमधला हिरवा रंग त्याचाच. निळ्यात नायट्रोप्रुसाइडचा पिवळा मिसळलेला असतो.

मत्स्यपालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्ही रीती नमुना अल्कधर्मी करतात, त्यामुळे अमोनियम (अमोनियाचं विद्युतभारित, आयन रूप) आणि मुक्त अमोनिया (भार नसलेला) एकत्रच मोजले जातात. माशांना मारतो तो मुख्यतः मुक्त अमोनिया. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, पीएच ९ला तो एक तृतीयांशापलीकडे जातो. म्हणून किटच्या आकड्याशेजारी तळ्याचा पीएच आणि तापमान लिहून ठेवा.