ताप गेल्यावर सुटणारी नखं

तीन वर्षांच्या लेकराची नखं एकेक करून सुटायला लागली की घराघरातून आधी ‘काय व्हयनं व माय?’ निघतं आणि मग कारणं. आजी म्हणते कॅल्शियम कमी पडलं, शेजारीण म्हणते मातीत खेळून बुरशी लागली. नीट पाहिलं तर नखाच्या मुळाशी आडवी फट असते, जुनं नख वर उचलत पुढे सरकतं आणि खाली पातळ, मऊ नवं नख आलेलं असतं. दुखत नाही, सूज नाही, पू नाही. अशा वेळी आईला विचारावं : महिना-दोन महिन्यांपूर्वी ताप येऊन तोंडात आणि तळव्यांवर फोड आले होते का?

पुष्कळदा उत्तर ‘हो’ असतं. हा हात-पाय-तोंडाचा आजार. २०२२ मध्ये केरळात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून गाजला तोही हाच. टोमॅटोचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो बहुतेकदा कॉक्सॅकी गटातल्या विषाणूंमुळे होतो. त्यातला ए-६ हा प्रकार तळव्यांपुरता थांबत नाही. तोंडाभोवती, ढुंगणावर, मांड्यांवर मोठे फोड येतात आणि जिथे आधीच इसब आहे तिथे ते दाटीने उठतात. मग कांजिण्याच समजतात, ‘माता आली’ म्हणून दारात निंबाचा डगळा लागतो. श्रद्धेला माझी हरकत नाही, पण त्यापायी दवाखाना लांबू नये. मूल पाणी पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, सुस्तावलं असेल किंवा झोपेत सारखं दचकत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आजाराच्या दिवसांत नखाच्या मुळाशी नवी वाढ थोडा काळ थांबते. बोटांची नखं महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतात, त्यामुळे ती खंडलेली जागा बाहेर दिसायला ४ ते ८ आठवडे लागतात. २००८ मध्ये फिनलंडमधल्या साथीनंतर मुलांची नखं गळू लागली, तेव्हा ए-६ कडे डॉक्टरांचं लक्ष गेलं. उपचार लागत नाही. सुटलेलं नख ओढू नये, कडा कापून ठेवावी, मोज्यात अडकणार नाही इतकंच पाहावं.

दुसरा उशिरा बोलणारा विषाणू म्हणजे पार्व्हो बी-१९. तो १९७५ मध्ये लंडनमध्ये सापडला. आधी किरकोळ ताप, मग चापट मारल्यासारखे लाल गाल, मग दंड-मांड्यांवर जाळीदार नक्षी. ती पुसट होते आणि उन्हात पुन्हा उमटते. भुसावळच्या उन्हात तर काही आठवडे ये-जा चालते. पुस्तकांतले फोटो बहुधा गोऱ्या मुलांचे असतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली गडद, जांभळट दिसते, कधी दिसतच नाही. पुरळ उठतं तोवर शरीराने प्रतिद्रव्यं तयार केलेली असतात आणि मुलापासून लागण होण्याचे दिवस सरलेले असतात. म्हणून गाल पाहून अंगणवाडी बंद करण्यात अर्थ नाही. घरात कुणी गरोदर असेल तर मात्र तिने डॉक्टरांना सांगावं, कारण गर्भाला धोका होऊ शकतो.

सातपुड्यातल्या घरांसाठी याहून मोठी गोष्ट आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा, लाल रक्तपेशींचा आजार आढळतो. हा विषाणू थेट हाडांच्या मगजात, लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत शिरतो आणि आठवडा-दहा दिवस ते काम बंद पाडतो. निरोगी मुलाच्या लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकतात, त्याला हे कळतही नाही. सिकलसेल झालेल्या मुलाच्या पेशी १० ते २० दिवसांतच संपतात, त्यामुळे हिमोग्लोबिन झपाट्याने कोसळतं, आणि नेमक्या याच मुलांत गालाची लाली पुष्कळदा उमटत नाही. तापानंतर पापणीची आतली बाजू, जीभ, तळहात पांढरे पडले, मूल थकून निजून राहिलं किंवा धापा टाकू लागलं, तर लगेच रक्त तपासावं. रक्त चढवावं लागू शकतं. त्याच घरात सिकलसेल असलेलं दुसरं भावंड असेल, तर ते अंगणात खेळत असलं तरी त्याचंही हिमोग्लोबिन सोबतच तपासून घ्यावं.