रिदम हाउस: काळा घोड्याच्या कोपऱ्यावरचं दुकान

मुंबईत काळा घोडा परिसरात, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या बाजूला १९४०च्या दशकात सुरू झालेलं रिदम हाउस हे संगीताचं दुकान फेब्रुवारी २०१६च्या अखेरीस बंद झालं. सुलेमान नेन्सी यांनी ते काढलं आणि पुढे कर्मली कुटुंबानं चालवलं. बंद पडल्याचं खापर सगळ्यांनी मोबाइलवर फोडलं. पण दुकानाचा पाया त्याच्या बराच आधीपासून खचत होता.

सुरुवातीला माल होता लाखेच्या रेकॉर्डचा: १० इंच व्यास, मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली असल्यानं रेकॉर्ड जड, पण हातातून निसटली की तुकडेच. पोलादी सुई दर बाजूला बदलायची; कंजूषपणा केला की झिजलेली सुई खाच खरवडायची आणि पुढच्या वेळी गाण्याआधी खरखर ऐकू यायची. ख्यालगायकांना बंदिश या वेळात बसवावी लागे. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, जरा ऐसपैस गाता आलं ते एलपी (लाँग प्ले) रेकॉर्ड आल्यावर: १२ इंच, ३३⅓ फेरे, बाजूला वीसेक मिनिटं. सिनेमाची दोन-चार गाणी ७ इंची छोट्या रेकॉर्डवर, म्हणजे ईपीवर, निघत.

इथली खासियत म्हणजे ऐकण्याच्या खोल्या. रेकॉर्ड मागायची, आत जाऊन लावायची, पटली तर घ्यायची. हौशी गिऱ्हाईक तासभर ऐकून रिकाम्या हातानंही जाई. धंद्याच्या हिशेबात हा तोटाच, कारण प्रत्येक वाजवणीत माल थोडा झिजतो. पण नवख्याला जॅझ किंवा एखादं घराणं कानाखालून घालायला दुसरी सोय नव्हती, आणि काउंटरवरच्या माणसाला ‘तो मारवा राग कुणाचा, जरा संथ आहे तो’ एवढं सांगितलं तरी चालायचं.

हे मोडलं कॅसेटनं. सील फोडलेली कॅसेट नवी म्हणून कोण घेणार? शिवाय ऐंशीच्या दशकात टी-सीरिजनं स्वस्त कॅसेट पानाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत पोचवल्या. गाणं घ्यायला फोर्टातल्या या दुकानात यायची गरज संपली. घरी दोन डेकचा टेपरेकॉर्डर असला की एकानं घेतलेली कॅसेट दहा जणांकडे जाई. त्यात मुंबईची दमट हवा: फितीवर पांढरी बुरशी धरते, आतला फेल्टचा तुकडा निखळला की फीत टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे आवाज उचलणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज बसल्यासारखा येतो. तो तुकडा पुन्हा चिकटवता येतो, पण बुरशी धरलेली फीत तशीच वाजवली तर ती हेडलाही लागते. दहापैकी नऊ जण टेपरेकॉर्डरला शिव्या घालत आणि फीत मात्र बघतच नसत.

सीडीनं नव्वदच्या दशकात दुकानाला पुन्हा हात दिला. ७४ मिनिटं, सुई नाही, झीज नाही. पाश्चात्य शास्त्रीय आणि जॅझच्या आयात सीडींसाठी लोक इथंच येत. मात्र प्लॅनेट एमसारखी मोठी साखळी दुकानं आली. आणि ज्या डिजिटल तंत्रानं सीडी टिकाऊ झाली, त्याच्यामुळेच चोरीही सोपी झाली. कॅसेटची नक्कल पिढीगणिक खराब होई; सीडीची हुबेहूब निघे. एमपी३ या आटोपशीर फाइलींत तर दहाएक अल्बम एका सीडीवर मावत. डीव्हीडींनी काही वर्षं गल्ला सावरला, इतकंच.

दुकान आवरल्यावर २०१७मध्ये हिरे व्यापारी नीरव मोदीच्या फायरस्टार कंपनीनं ही जागा विकत घेतली. पंजाब नॅशनल बँकेतला मोदीचा घोटाळा २०१८मध्ये उघड झाला तेव्हा ईडीनं या जागेवर टाच आणली, आणि शटर पडलं ते पडलंच. पुढे लिलावात ती जवळपास ४८ कोटी रुपयांना भाने या कपड्यांच्या उद्योगसमूहाकडे गेली.