बोगद्याच्या भिंतीवर उगवलेलं खनिज

1898 च्या उन्हाळ्यात जॉन वेदरिल अमेरिकेतल्या युटा राज्यात, रेड कॅन्यनमध्ये, एका पुरातत्त्व मोहिमेला वाट दाखवत होता. दगड झालेल्या एका झाडाभोवती त्याला पिवळे डाग दिसले. त्यानं तिथं दगडांची रास रचली, हक्क सांगणारी चिठ्ठी तिच्यात खुपसली आणि पुढे निघून गेला. सरकारदरबारी नोंद मात्र कधी केलीच नाही. तब्बल 45 वर्षांनी, 1943 मध्ये, त्यानं ही जागा दुसऱ्या एकाला सांगितली. रास जागच्या जागी होती. तीच जागा पुढे ‘ब्लू लिझर्ड’ खाण झाली. 1950 च्या दशकात इथं युरेनियमसाठी बोगदे पडले, आणि मागणी ओसरली तसं कामही थांबलं. खनिजशास्त्राला इथं खरं घबाड मिळालं ते त्यानंतर.

जमिनीत, हवेपासून दूर, युरेनियम बरंचसं युरॅनिनाइट या काळ्या ऑक्साइडच्या रूपात असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बोगदा खणला की दमट हवा आत शिरते. ऑक्सिजन युरेनियमचे आणखी दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि युरेनिल आयन तयार होतो: मधे युरेनियम, दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन, तिघे एका रेषेत. हा आयन पाण्याबरोबर सहज वाहतो. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाच्या ऑक्सिडीकरणातून सल्फेट मिळतं; सोडियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट आजूबाजूच्या खडकातून येतात. हे पाणी भिंतीवर झिरपून सुकलं, की घराच्या ओल्या भिंतीला लोणा धरतो तसा थर बसतो. हा लोणा पिवळा, नारिंगी आणि किरणोत्सारी असतो, एवढाच फरक.

रेड कॅन्यनमधल्याच मार्की खाणीत असं एक फिकट पिवळं खनिज मिळालं. ट्रॅव्हिस ओल्ड्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन 2017 मध्ये प्रसिद्ध केलं: सोडियम, मॅग्नेशियम, दोन युरेनिल, सहा कार्बोनेट आणि पाण्याचे सहा रेणू. नाव लिओसिलार्डाइट. ज्याच्या नावावरून हे आलं, त्या लिओ सिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाला अणुकेंद्रीय साखळी अभिक्रियेची कल्पना 1933 मध्ये लंडनमध्ये सुचली होती. जपानला शरणागतीच्या अटी जाहीरपणे कळवल्याशिवाय अणुबॉम्ब वापरू नका, असा अर्ज लिहून 1945 मध्ये शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करणाराही तोच. अणुबॉम्ब प्रकल्पातल्याच फर्मी आणि ओपनहायमर यांच्या नावांची खनिजं ब्लू लिझर्डमध्ये आधीच सापडली होती, तेव्हा सिलार्डची पाळी जरा उशिराच आली असं मला वाटतं.

पण पिवळा कण दिसला आणि शोध लागला, इतकं हे सोपं नाही. युरेनियमची बरीच खनिजं पिवळीच दिसतात. अतिनील दिव्याखाली त्यातली काही हिरवी चमकतात, पण तेवढ्यानं ओळख पटत नाही. हा कण ज्ञात खनिजांपैकी एकही नाही, हे सिद्ध करावं लागतं, आणि तेही मिलिमीटरहून लहान स्फटिकांवर. त्यात लिओसिलार्डाइट पाण्यात विरघळतं. म्हणजे नमुना साधा धुवायचीसुद्धा चोरी! रासायनिक घटक मोजायला इलेक्ट्रॉनांचा झोत वापरतात. तिथल्या निर्वातात आणि झोताच्या माऱ्यात स्फटिकातलं पाणी निघून जातं, मग उरलेल्या घटकांचे आकडे फुगतात. त्यामुळे पाण्याचा हिशोब स्फटिकाच्या रचनेवरून लावावा लागतो. ही रचना कळते ती क्ष-किरण विवर्तनानं: स्फटिकातून विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांवरून कोणता अणू कुठं बसलाय ते काढतात. लिओसिलार्डाइटमध्ये प्रत्येक युरेनिलच्या कमरेभोवती तीन कार्बोनेट आहेत.

रंग, कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग), चकाकी, काठिण्य, अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) अशी सगळी जंत्री मग आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाकडे जाते. निम्म्याहून अधिक सदस्यांनी मत द्यावं लागतं आणि त्यातली दोन-तृतीयांशांहून जास्त मतं बाजूनं पडावी लागतात. शोधणाऱ्याला स्वतःचं नाव देता येत नाही.

माणसानं बोगदा पाडलाच नसता तर हे खनिज तिथं झालंच नसतं. मग त्याला नैसर्गिक म्हणायचं का? आयोग हो म्हणतो, आणि मलाही ते पटतं. माणसानं फक्त खडक उघडा केला. पुढचं सगळं हवेनं आणि पाण्यानं केलं. मात्र नवं खनिज घडवायच्या हेतूनंच कुणी खडक उघडा केला असेल, तर ते बाद.